‘ती घरीच असायची!’ मग भरपाई कशाची?

‘‘गुन्हा नोंदवलाय, ड्रायव्हरला पकडलंय. आता कोर्टच पैसे मिळवून देईल ना हो ताई?’’

घरातलं माणूस अपघातात गेलं की दिवसकार्य उरकल्यावर बायका आमच्या महिला मंडळात येतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. आणि ‘नाही, त्यासाठी वेगळा दावा करावा लागेल’ असं सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर जो थकवा दिसतो ना, तो बघवत नाही. आधीच पोलीस स्टेशन, शवविच्छेदन, मृत्यूचा दाखला या चकरांनी जीव मेटाकुटीला आलेला. त्यात आणखी एक कोर्ट!

मी वकील नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून जमेल तसं समाजकार्य करणारी एक गृहिणी. पण गेली काही वर्षं अशा बायकांबरोबर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढता-उतरताना जे कानावर पडलं, जे वाचून-विचारून समजून घेतलं, ते मैत्रिणींपर्यंत पोचवावं असं मनापासून वाटतं.

निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला की त्यातून दोन वेगळ्या गोष्टी सुरू होतात. एक फौजदारी खटला. पूर्वी त्याला ‘३०४-अ’ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. हा खटला सरकार चालवतं. त्यात आपण फार तर साक्षीदार. प्रश्न एवढाच, की आरोपीला शिक्षा करायची का? दुसरी गोष्ट म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. तो आपण करायचा. तिथं विचारलं जातं, या माणसाच्या जाण्यानं घराचं काय नुकसान झालं आणि ते कुणी भरून द्यायचं? फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी बाजूला तेवढी कडक कसोटी नसते, कुणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते पाहतात. म्हणूनच ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते. ‘तो सुटला, आता काय उरलं?’ असं म्हणून कितीतरी घरं गप्प बसतात. त्यांनी गप्प बसायचं काही कारण नाही.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). कुणाचा जीव गेला तर त्याची भरपाई मागता येते, हीच कल्पना मुळात जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८०८ साली एक घोडागाडी उलटली. नवरा वाचला, बायको महिन्याभरानं दवाखान्यात वारली. नवऱ्यानं दावा केला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो म्हणाले, माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात तक्रार करण्याजोगी इजाच नव्हे! बायको अंथरुणावर होती तेवढ्या दिवसांच्या सहवासाची भरपाई मिळेल, मरणानंतरची नाही. म्हणजे माणूस जखमी झाला तर पैसे द्यावे लागणार आणि मेला तर सुटका! रेल्वे आल्या, अपघात वाढले, तेव्हा कुठे १८४६ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा करून हे बदललं. आपल्याकडे तसाच कायदा आला १८५५ मध्ये. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. प्राणघातक अपघात कायदा, १८५५. तो आजही लागू आहे, बरं का.

या कायद्यानुसार पत्नी, पती, आई-वडील आणि मुलं यांच्यासाठी दावा करता येतो. आई-वडिलांत आजी-आजोबा येतात, मुलांत नातवंडं आणि सावत्र मुलंही येतात. भाऊ-बहीण मात्र नाहीत. एका मृत्यूसाठी दावा एकदाच होतो, म्हणून सगळ्या हक्कदारांची नावं त्यातच घालायची. आणि मुदत? मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं.

पुढचा मार्ग कुठल्याही दिवाणी दाव्यासारखाच. वकीलपत्र, दाव्याचा मसुदा, रकमेप्रमाणे कोर्ट फी. मग समोरच्याला समन्स, त्याची कैफियत, कोर्ट मुद्दे काढतं, आपलं शपथपत्र, त्यावर उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल, हुकूमनामा. हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले असं नव्हे. समोरच्यानं दिले नाहीत तर वसुलीसाठी परत दरखास्त! वर्षं जातात यात, खोटं कशाला सांगू?

या दारानं कुणी जायचं? कुणाची भिंत अंगावर पडली, बांधकामाच्या उघड्या खड्ड्यात मूल बुडालं, शेतात पडलेल्या विजेच्या तारेला चिकटून माणूस गेलं, अशांनी. विजेच्या बाबतीत तर २००२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल फार महत्त्वाचा आहे. मध्य प्रदेशात पावसात रात्री सायकलवरून घरी येणारा एक माणूस रस्त्यावर पडलेल्या तारेनं गेला. वीज मंडळ म्हणालं, तार आमची नाही, कुणीतरी वीजचोरीसाठी ओढली होती. कोर्टानं ते ऐकलं नाही. एवढी घातक गोष्ट तुम्ही पुरवता, तर तिनं जीव गेल्यास जबाबदारी तुमचीच, चूक दाखवायचीही गरज नाही. आपल्याकडे असं काही झालं तर विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची प्रत आठवणीनं मागून घ्या.

बाकी काही मृत्यूंसाठी वेगळी दारं आहेत, ती भरभर सांगते. लोकलमधून किंवा गाडीतून पडून प्रवासी गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. मुदत एक वर्ष, आणि १ जानेवारी २०१७ पासून रक्कम ८ लाख रुपये ठरलेली. कामावर असताना कामगार गेला तर त्यासाठीही वेगळा कायदा आहे. डॉक्टरांचा हलगर्जीपणा असेल तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं.

पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांतल्या निम्म्याहून जास्त येतात त्या रस्त्यावरच्या अपघातामुळे. पुणे-सोलापूर रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट सुटल्या. आता काय सांगायचं! या दाव्यांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. नाव मोठं असलं तरी ते जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच असतं आणि तिथं जिल्हा न्यायाधीशच बसतात. अपघात झाला तिथं, आपण राहतो तिथं किंवा समोरचा राहतो तिथं, कुठंही अर्ज करता येतो. जळगावजवळ अपघात झाला म्हणून बार्शीच्या बाईनं तारखांना जळगावला जायची गरज नाही. इथं हक्कदारांचं वर्तुळही मोठं आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भावालाही दावा करता येतो असं म्हटलं. आणि २०२१ मध्ये तर जावयाकडे राहणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या सासूलाही! मला तो निकाल वाचून फार बरं वाटलं. मुलगीच आधार असलेल्या किती आया आज जावयाच्या घरी राहतात!

मुदतीचं मात्र नीट ऐका. पूर्वी मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करावा, अशी तरतूद लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. पण मैत्रिणींनो, त्याच्या भरवशावर राहू नका. सहा महिने म्हणजे सहा महिने, असंच धरून चाला. पोलिसांनीही ९० दिवसांत अपघाताचा तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे पोलीस स्टेशनला जाऊन विचारायला लाजू नका.

पैसे सहसा देते ती विमा कंपनी, कारण थर्ड पार्टी विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. विमा नसेल तर मालकानं द्यायचे. तो देत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून २ लाख रुपये मिळतात, त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा.

आणि रक्कम ठरते कशी? इथं शुद्ध हिशेब असतो. दिल्लीत १९८८ साली बसच्या अपघातात एक शास्त्रज्ञ गेले. त्यांच्या कुटुंबाचा दावा सर्वोच्च न्यायालयात संपायला २००९ साल उजाडलं! त्या निकालानं देशभरासाठी एक रीत घालून दिली, आणि २०१७ च्या निकालानं तिला पक्कं केलं. गेलेल्या माणसाची मिळकत घ्यायची. पुढं ती वाढली असती, म्हणून त्यात भर घालायची. स्वतःचा धंदा किंवा बिनकायमची नोकरी असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के. माणूस स्वतःवर जे खर्च करतं ते वजा करायचं. दोन-तीन जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरलेली वर्षाची रक्कम वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायची. पंचविशीपर्यंत १८, छत्तीस ते चाळीसला १५, पासष्टीनंतर ५. शिवाय अंत्यविधी आणि सहवास गमावल्याचे काही हजार. विम्याचे, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे यातून वजा होत नाहीत. १९९८ चा तो निकाल आपल्या महाराष्ट्रातल्या दाव्यातलाच, समोर एसटी महामंडळ होतं.

माणसाची अशी गुणाकारात किंमत करायची? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं. पण विचार केला, हिशेब नसता तर ज्याचा वकील मोठा त्याला जास्त आणि गरिबाला कमी, असंच झालं असतं की!

खरा पेच पुढं आहे. हिशेब सुरू होतो मिळकतीपासून. आणि गेलेली असेल घर सांभाळणारी बाई, तर? तिला कुठं पगार असतो?

मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये एक तक्ता जोडला गेला होता. त्यात मिळवत नसलेल्या जोडीदाराची मिळकत धरायची होती कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश! म्हणजे दोन बायका तेवढ्याच भाकऱ्या थापणार, तेवढीच धुणी धुणार, पण एकीचा नवरा कारकून आणि दुसरीचा साहेब, म्हणून दुसरीची किंमत जास्त. हा तक्ता आता कायद्यातून गेला. गेला ते बरंच झालं.

त्याही आधी, ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला एका समारंभाच्या मंडपाला आग लागून साठ माणसं गेली. त्यांत बायका-मुलं खूप होती. भरपाई ठरवायचं काम सर्वोच्च न्यायालयानं आपल्या मराठी सरन्यायाधीशांकडे, निवृत्त न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्याकडे दिलं. गृहिणीच्या कामाचं मोल तेव्हा धरलं गेलं वर्षाला १२ हजार. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कमी असल्याचं सांगून महिन्याला ३ हजार, म्हणजे वर्षाला ३६ हजार केलं. २०१० मध्ये न्यायमूर्ती गांगुली यांनी आणखी एका निकालात बोट ठेवलं ते जनगणनेवर. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी बायकांना ‘काम न करणाऱ्या’ ठरवून भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं! वाचताना अंगावर काटा आला. जनगणनेची बाई आमच्याकडे आली होती तेव्हा मीही त्याच रांगेत गेले असणार की.

मग आला ५ जानेवारी २०२१ चा निकाल. दिल्लीत स्कूटरवाले जोडपं नव्हे, मोटारसायकलवरचं एक तरुण जोडपं २०१४ मध्ये गेलं. नवरा शिक्षक, बायको गृहिणी. मागं दोन चिमुरड्या. न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारचीच पाहणी समोर ठेवली. २०१९ मध्ये बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. गृहिणीच्या मिळकतीतही भविष्यातली वाढ धरलीच पाहिजे, असं त्यात स्पष्ट झालं. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीवरच्या मजुरापेक्षा कमी धरणं मान्य करता येणार नाही. त्या बाईचा अपघात २००६ चा होता. अडीच लाखांचे सहा लाख व्हायला इतकी वर्षं लागली.

निकाल असे चांगले असले तरी खालच्या कोर्टात ते वापरायला पुरावा लागतो. आणि तिथंच घरं कमी पडतात. एका तारखेला मी मागच्या बाकावर बसले होते. अडतीस वर्षांची बाई ट्रकखाली गेलेली. नवरा साक्षीला उभा. विमा कंपनीच्या वकिलांनी अगदी सहज विचारलं, ‘‘तुमच्या पत्नी काही काम करत नव्हत्या ना?’’ तो भोळेपणानं म्हणाला, ‘‘नाही साहेब, ती घरीच असायची.’’

झालं! टायपिस्टनं टक्टक् लिहून घेतलं. त्याचं तरी काय चुकलं? वीस वर्षांच्या संसारात त्याला कुणी हे काम आहे असं सांगितलंच नव्हतं. पण आमच्या वकीलबाई हुशार. पुढच्या तारखेला त्यांनी सासूला उभं केलं. नऊवारी, डोक्यावर पदर, पायात वहाणा नाहीत. विचारलं, ‘‘आजी, सून दिवसभर काय करायची?’’ म्हातारी जी सुरू झाली ती थांबेना. पहाटे चारला उठून पाणी भरायची. म्हशीचं शेण, धार. दोन पोरांचे आणि नवऱ्याचे डबे. माझी औषधं, माझी अंघोळ, मला गुडघ्यानं बसता येत नाही. दुपारी सुगीत शेतावर. आणि रात्री कडक भाकरी करून खानावळीला द्यायची, शेंगाचटणी कुटून द्यायची. ‘‘कवाबी आराम नाही घेतला बगा साहेब तिनं. आता मला पानी कोन दील?’’ कोर्टात कुणी हललं नाही.

मग खानावळवाल्याची वही आली, शेजारणीचं शपथपत्र आलं, घरात आता स्वयंपाकाला आणि म्हातारीला बघायला बाई ठेवली होती तिच्या पगाराच्या पावत्या आल्या.

आता हा फरक आकड्यात बघा. वय अडतीस, चार जण अवलंबून. महिन्याची मिळकत ५ हजार धरली, तर ४० टक्के भर घालून ७ हजार, चौथा हिस्सा वजा करून ५ हजार २५०, वर्षाचे ६३ हजार, पंधरानं गुणून ९ लाख ४५ हजार. तीच मिळकत १२ हजार धरली, तर याच पायऱ्यांनी होतात २२ लाख ६८ हजार! सगळा खेळ त्या पहिल्या आकड्याचा. तो आकडा सिद्ध करायला डेअरीचं पुस्तक, बचत गटाची वही, शिवणाच्या मापांची डायरी, काहीही चालतं. ती गेल्यावर घरकामासाठी माणूस ठेवलं असेल तर पगार बँकेतून द्या, नाहीतर पावती घ्या. आणि नवऱ्यांनो, तुम्हीही पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. साक्षीला उभं राहण्याआधी बायकोचा एक दिवस कागदावर लिहून काढा.

कागदांवरून आठवलं. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीची आणि विम्याची प्रत, चालकाचा परवाना, वयाचा दाखला, मिळकतीचा पुरावा, नातं दाखवणारं रेशनकार्ड आणि बँक खात्याचा तपशील. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ कागद दिराकडे, भाच्याकडे, एजंटाकडे देऊ नका.

हो, एजंट! सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटपासूनच हे लोक मागं लागतात. ‘‘एक पैसा देऊ नका, निकालात तीस टक्के आमचे.’’ निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला वकिलांना त्यांच्या नियमानंच मनाई आहे. आणि ताई, कितीही मिळकत असली तरी बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं साध्या कागदावर अर्ज करायचा. आमच्या मंडळातल्या किती जणींना हे माहीतच नव्हतं.

नवरा गेलेल्या तरुण मुलींचं दुखणं आणखी वेगळं. ‘पुन्हा लग्न करशील तर भरपाईवर पाणी सोड,’ असं सासरचेही म्हणतात आणि विमा कंपनीनंही म्हणून पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे साफ नाकारलं. त्या प्रकरणातली मुलगी नवरा गेला तेव्हा १९ वर्षांची होती. भरपाई मिळावी म्हणून तिनं जन्मभर विधवा राहावं, अशी अपेक्षा धरता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. अशी मुलगी आली की आम्ही तिच्या माहेरच्यांना आणि सासरच्यांना एकत्र बसवून हा निकाल वाचून दाखवतो. त्यानंतर चहा होतो, पण बरेचदा आवाज खाली आलेले असतात.

रक्कम मंजूर होते तेव्हा कुणाचा हिस्सा किती हेही न्यायाधीश ठरवतात. मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवीत राहतो, बायकोच्या हिश्श्यातलाही काही भाग पुष्कळदा मुदत ठेवीत ठेवतात आणि व्याज मिळत राहतं. घरातल्यांना याचा राग येतो. ट्रॅक्टरचं कर्ज फेडायचं असतं, दिराला गाळा घ्यायचा असतं. पण ती ठेव मोडायला कोर्टाची परवानगी लागते, आणि त्यामुळंच ती टिकते. खातं तिच्या एकटीच्या नावावर असू द्या, एटीएमचं कार्डही तिच्याच पाकिटात.

लोकअदालतीत तडजोड करायची का, हेही खूपजणी विचारतात. वर्षानुवर्षं थांबण्यापेक्षा दोन पैसे कमी घेऊन मोकळं होणं कधीकधी शहाणपणाचं असतं, मी नाही म्हणत नाही. फक्त तिथं बसण्याआधी वर सांगितलेला गुणाकार घरी करून न्या, आणि तडजोडीच्या कागदावरचा आकडा स्वतः वाचा. कारण लोकअदालतीत एकदा सही झाली, की त्या निवाड्यावर अपील नसतं.